‘येतो’ म्हणून निघणाऱ्यांची इंग्रजी

गेल्या महिन्यात सांगलीत इंग्रजीच्या शिक्षकांच्या एका बैठकीला गेलो होतो. नववी-दहावीच्या आणि नर्सिंगच्या मुलामुलींना रोजच्या बोलण्यातली इंग्रजी शिकवावी की नाही, एवढाच विषय होता. दोन तास चर्चा झाली आणि मी अस्वस्थ होऊन परतलो. एका गटाचं म्हणणं होतं की व्याकरण पक्कं करा, बाकी आपोआप येतं, परदेशातली सैल भाषा आपल्या पोरांच्या तोंडी कशाला घालायची? दुसऱ्या गटाच्या हातात छापील पुस्तिका होती. रोजच्या वापरातले पाचशे वाक्प्रचार, तीस दिवसांत पाठ. पहिल्यांना ही भाषा म्हणजे विटाळ वाटत होता, दुसऱ्यांना दागिना. तो घालावा की टाळावा, याच्यावर दोन्हीकडून आवाज चढले. ती भाषा करते काय, हे मात्र कुणीच विचारलं नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बोलण्यातली इंग्रजी शिकवलीच पाहिजे, पण आधी कानाला, आणि जिभेला नंतर, गरज पडेल तशी. शिवाय ती मराठीतून शिकवली पाहिजे, कारण तिच्यात जे खरोखर अवघड आहे ते मराठी मुलाला मराठीत लहानपणापासून येतं. आपण त्याला ते चपलांसारखं वर्गाबाहेर काढून ठेवायला लावतो.

आपण एखाद्याच्या घरून निघताना काय म्हणतो? ‘येतो.’ निघालोय जायला आणि म्हणतोय येतो. परक्या माणसाने शब्दकोश उघडून हे समजून घ्यायचं ठरवलं तर तो परत खुर्चीत बसेल. ‘लागणे’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, झोप लागते, नाद लागतो, वेळ लागतो, आणि शेवटी वाट लागते. ‘मारणे’ घ्या. गप्पा, चक्कर, हाक, उडी, शिट्टी, थापा, डोळा, सगळं आपण मारतो आणि यातल्या एकातही कुणाला इजा होत नाही. हे आपल्याला कोणत्या इयत्तेत शिकवलं? कुठल्याच नाही. घरात ऐकलं, अंगणात ऐकलं. इंग्रजीतलं ‘गेट’ आणि ‘पुट’ हे त्यांचे लागणे-मारणेच आहेत. पुट ऑफ, पुट आउट, पुट अप विथ. यांची यादी करून पाठ करणारा मुलगा आणि ‘लागणे’ची यादी पाठ करणारा परदेशी माणूस एकाच खड्ड्यात आहेत.

पण अवघड भाग शब्दांचा नाहीच. तो नात्याचा आहे. मराठीत आपल्याकडे तू आहे, तुम्ही आहे, आपण आहे. आत्याला ‘तू’ आणि काकांना ‘तुम्ही’ का म्हणायचं, हे पाच वर्षांच्या पोरालाही बरोबर कळतं. इंग्रजीतही कधीकाळी असा ‘तू’ होता, ‘दाऊ’. जवळच्याला आणि धाकट्याला दाऊ, परक्याला आणि मोठ्याला यू. सतराव्या शतकात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी देवापुढे सगळे सारखे असं म्हणत न्यायाधीशापासून जमीनदारापर्यंत सगळ्यांना दाऊ म्हणायला सुरुवात केली, आणि त्यापायी मार खाल्ला. पुढे रोजच्या प्रमाण इंग्रजीतून दाऊ गेला आणि सरसकट यू उरला. आपल्याला शाळेत सांगतात की बघा, इंग्रजी किती सोपी, सगळ्यांना एकच यू. पण माणसांमधलं अंतर तर गेलं नाही ना? लहान-मोठा, जवळचा-लांबचा हे सगळं राहिलंच. मग ते मोजायचं कशाने? इंग्रजीने ते वाक्याच्या घडणीत नेऊन ठेवलं. कुड यू, वुड यू माइंड, आय वॉज वंडरिंग इफ, यू माइट वाँट टू. आपला आदर सर्वनामात आणि क्रियापदाच्या शेवटी बसतो, त्यांचा असा आडवळणाने येतो. आणि शाळेत आपण मुलांना या सगळ्याच्या जागी एकच शब्द दिला, प्लीज.

याची किंमत मी स्वतः मोजली आहे. शिकवायला लागण्याआधी काही वर्षं एका कंपनीत होतो आणि आमचे वरिष्ठ इंग्लंडमधले होते. त्यांच्या एका हिशेबात मला चूक दिसली. ‘आपण एकदा बघितलेलं बरं’ असं मनात म्हणत मी शाळेत शिकलेलं वाक्य लिहून पाठवलं: यू हॅड बेटर चेक धिस. पाठमालेत ‘हॅड बेटर’चा अर्थ ‘बरं होईल’ असाच घोकला होता. पुढचे चार दिवस ते माझ्याशी तुटक बोलत होते. का, ते मला पुष्कळ नंतर कळलं. त्या शब्दांत ‘नाहीतर बघा’ अशी धमकी ऐकू येते, आणि वरच्या माणसाला तर ते कुणीच म्हणत नाही. व्याकरण बिनचूक होतं. मी आत्याशी जपून बोलणारा, काकांसमोर पाय न पसरणारा मुलगा, आणि इंग्रजीत मात्र मी उर्मट ठरलो. व्याकरण पक्कं केलं की बाकी आपोआप येतं, असं कुणी म्हटलं की मला ते चार दिवस आठवतात.

आता विरोधकांचं सगळ्यात वजनदार म्हणणं घेतो. ते स्वाभिमानाचं आहे. ते म्हणतात, इंग्रजी आता आपलीही आहे. ‘डू द नीडफुल’ला, म्हणजे ‘जे लागेल ते करा’ला, हसणाऱ्यांना हे माहीत नसतं की तो शब्दप्रयोग मूळचा ब्रिटिशांचाच आहे, त्यांनी टाकला आणि आपण जपला. ‘प्रीपोन’, म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणं, हा शब्द आपण रुळवला, आणि ऑक्सफर्डच्या शब्दकोशाने तो घेतला. मग आपण त्यांच्या गल्लीतल्या बोलण्याच्या मागे का धावायचं? हे मला मान्य आहे, मनापासून मान्य आहे. पुण्याच्या माणसाने चेन्नईच्या माणसाला प्रीपोन म्हणावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण आपली इंग्रजी बोलणं हा एक हक्क झाला आणि समोरच्याची कळणं ही वेगळी गरज. ‘आय पास्ड आउट इन २०१९’ असं आपला मुलगा अभिमानाने सांगतो तेव्हा भारताबाहेरच्या अनेक श्रोत्यांना तो २०१९ साली बेशुद्ध पडल्याचं ऐकू येतं. त्याने ते म्हणणं सोडावं असा माझा आग्रह नाही. समोरच्याला काय ऐकू गेलं हे त्याला माहीत असावं, एवढंच. साताऱ्याचा माणूस नागपुरात गेला म्हणून वऱ्हाडी बोलायला लागत नाही, पण ‘करून राहिलो’ कळून घेतो. त्यात त्याचा कुठला स्वाभिमान गेला?

दुसरा मुद्दा याहून अवघड आहे, आणि बैठकीत तो एका ज्येष्ठ शिक्षिकेने फार चांगला मांडला. त्या म्हणाल्या, जगात इंग्रजी बोलणारे बहुतेक लोक जन्माने इंग्रजी नाहीत. तेव्हा भार आपल्यावरच का? त्यांनी साधं, सरळ, ठरावीक बोलावं. बरोबर आहे. काही ठिकाणी तर जीव त्याच्यावर असतो. २५ जानेवारी १९९० ला कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीचं विमान न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर कोसळलं. आकाशात घिरट्या घालता घालता त्याचं इंधन संपलं होतं. स्पॅनिश मातृभाषा असलेल्या वैमानिकांनी नियंत्रकांना ‘प्रायॉरिटी’ हवी म्हणून सांगितलं, इंधन संपत आल्याचं सांगितलं, पण ‘इमर्जन्सी’ हा ठरलेला शब्द उच्चारला नाही. ऐकणाऱ्याला त्यातली निकड पोचली नाही. १५८ जणांपैकी ७३ जण गेले. ठरलेला शब्द ठरलेल्या अर्थानेच वापरावा, याला यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?

पण ती गोष्ट तिथे संपत नाही. विमानवाहतुकीइतकी बांधीव, मोजून-मापून ठरवलेली इंग्रजी दुसऱ्या कुठल्याच धंद्यात नाही. तरीही आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००८ पासून वैमानिकांना आणि नियंत्रकांना जी भाषाचाचणी लागू केली, तिच्यात ठरावीक शब्दावलीच्या पलीकडची साधी बोलती इंग्रजीही तपासतात. कारण उघड आहे. यादीत न बसणारं काही घडलं की माणूस यादीतून बोलत नाही, तो माणसासारखा बोलतो. जिथे प्रत्येक शब्द आधी ठरलेला आहे तिथेही हे टाळता आलं नाही, तर ऑफिसात आणि दवाखान्यात कसं टळेल?

सोपी इंग्रजी बेतून बघण्याचा प्रयोगही होऊन गेला आहे. १९३० साली सी. के. ऑग्डेन या इंग्रज भाषाअभ्यासकाने ८५० शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ मांडली. परदेशी माणसाला सोपं जावं म्हणून क्रियापदं फक्त १८ ठेवली. मग बाकीचे अर्थ आणायचे कुठून? गेट, पुट, टेक, गो यांना अप, आउट, ऑफ, इन जोडून. म्हणजे शब्द कमी झाले आणि शिकणाऱ्याला नेमकं जे जड जातं ते वाढलं. चर्चिल यांचा पाठिंबा असूनही ती भाषा जगाने उचलली नाही. भाषेतला रोजचा, पायाखालचा भाग गाळून तिचा सोपा सांगाडा काढता येत नाही, असं मला यातून दिसतं. ‘लागणे’ वगळून कुणाला मराठी शिकवून बघा.

माझी एक विद्यार्थिनी जत तालुक्यातली. मिरजेत नर्सिंग केलं, परीक्षा दिल्या, इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका रुग्णालयात रुजू झाली. पहिल्याच आठवड्यात रात्रपाळीला ऐंशीच्या घरातले एक आजोबा तिला म्हणाले, “आय नीड टू स्पेंड अ पेनी, लव्ह.” तिने आधी ‘लव्ह’ ऐकलं आणि दोन पावलं मागे सरकली. मग पेनी म्हणजे नाणं, म्हणून तिने त्यांच्या कपाटाचा खण उघडून पाकीट शोधलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. आजोबा पाकिटाकडे बघत राहिले. तोवर अंथरूण ओलं झालं होतं. तिथल्या सार्वजनिक स्वच्छतागृहांच्या दाराला पूर्वी पेनी टाकून उघडायचं कुलूप असायचं, त्यावरून जुनी माणसं लघवीला जाणं असं सांगतात. आणि ‘लव्ह’ हे तिकडचं ‘बाळा’ आहे. मला फोनवर सांगताना ती रडत होती. स्वतःच्या चुकीपेक्षा आजोबांना जी लाज वाटली त्याचं तिला वाईट वाटत होतं. ते आजोबा माझ्या आबांच्या वयाचे होते सर, असं ती दोनदा म्हणाली.

त्या आजोबांनी साधं ‘टॉयलेट’ म्हणायला हवं होतं? म्हणावं कुणी त्यांना. पण मिरजेच्या दवाखान्यात आपले आजोबा तरी काय म्हणतात? ‘परसाकडे जाऊन येतो’ म्हणतात, परस कुठे उरला नसला तरी. आपली बाई ‘दिवस गेलेत’ म्हणते, ‘कावळा शिवला’ म्हणते. दुखणाऱ्या, घाबरलेल्या, म्हाताऱ्या माणसाने आपली रोजची भाषा सोडून नर्सच्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे बोलावं, ही अपेक्षा ऐकायला न्याय्य वाटते, पण पाळली जाणार नाही. आजारी माणूस लहानपणीच्या भाषेत बोलतो. ती भाषा कळणं हा शुश्रूषेचा भाग आहे.

म्हणूनच मी कान आधी म्हणतो. पुस्तिकावाल्यांशी माझं भांडण इथे आहे. त्यांना पाचशे वाक्प्रचार मुलांच्या तोंडी घालायचे आहेत. कोल्हापुरात मित्र मित्राला जी शिवी घालतो तिच्यात किती माया असते, हे तिथे राहायला आलेल्या बाहेरच्या माणसाला कळायला हवं, नाहीतर तो उगीच दुखावेल. पण दुसऱ्याच दिवशी त्याने ती स्वतः वापरली तर? शब्द तोच, पण तो म्हणण्याचा हक्क नात्याने मिळतो, आणि नातं तीस दिवसांत पाठ होत नाही. शिवाय बोलीतले शब्द शिळे होतात. मांजरं-कुत्री पडेपर्यंत पाऊस पडतो, हे वाक्य आपल्या पिढ्यांनी घोकलं. ते आज इंग्लंडात तरी कितीजण म्हणतात? चहाच्या टपरीवर येऊन ‘महोदय, एक पेला चहा द्यावा’ म्हणणारा परका आपल्याला अवघडून टाकतो. पहिल्या दिवशीच ‘ए भावा, कटिंग मार’ म्हणणाराही टाकतो. ‘एक चहा द्या’ म्हणणाऱ्याचं कुठेच काही बिघडत नाही. बोलायला ही मधली भाषा पुरते. ऐकायला मात्र तिन्ही हव्यात.

आणखी एक आक्षेप वेळेचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना अजून नीट वाचता येत नाही, तिथे हे लाड कसले? हा आक्षेप प्रामाणिक आहे, आणि जे गुरुजी तो घेतात त्यांच्या वर्गातली गर्दी मी पाहिली आहे. तरी मला तो उलट दिशेचा वाटतो. ज्या घरात आई-बाप इंग्रजीत भांडतात, चेष्टा करतात, त्या घरच्या मुलाला ही भाषा फुकट मिळते, शाळेने शिकवली नाही तरी मिळते. जतच्या मुलीला ती शाळेतूनच मिळू शकते, दुसरीकडून नाही. तेव्हा ‘आधी व्याकरण, बाकी नंतर’ याचा प्रत्यक्षात अर्थ होतो, तुला अर्ज लिहिता येईल पण मुलाखतीच्या खोलीबाहेर चहा पिताना बोलता येणार नाही. सन २००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. दहावीपर्यंत दहा वर्षं! दहा वर्षांत ‘व्हॉट्स अप’ हा प्रश्न नसून ‘काय म्हणताय’ आहे, एवढं सांगायला एक तास निघत नाही?

हे असं का झालं, याची मुळं जुनी आहेत. विल्यम कॅरी या इंग्रज मिशनऱ्याने १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं, तेव्हा त्याला रोजच्या विषयांवरचे संवाद जोडले होते. त्याआधी १८०१ मध्ये बंगालीसाठी त्यांनी संवादांचं स्वतंत्र पुस्तक काढलं, त्यात मजुरांची बोलणी आहेत, बायकांची भांडणं आहेत. मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशात ग्राम्य शब्द गाळलेले नाहीत. म्हणजे आपली भाषा शिकताना इंग्रजांनी व्याकरणावर थांबायचं नाकारलं. माणसं काय बोलतात ते कळल्याशिवाय धर्मही सांगता येत नाही आणि राज्यही करता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आणि इंग्रजी शिक्षणाची बाजू घेणाऱ्या मेकॉलेच्या १८३५ च्या टिपणानंतर आपल्याला जी इंग्रजी मिळाली ती मुख्यतः कचेरीची. अर्ज, अहवाल, भाषांतर, परीक्षा. आपण लिहायचं होतं, गप्पा मारायच्या नव्हत्या. तर्खडकरी भाषांतरमालांनी कितीतरी पिढ्यांना इंग्रजी वाचायला-लिहायला शिकवलं, त्याबद्दल मला आदर आहे. पण ते राज्य जाऊन पाऊणशेहून अधिक वर्षं झाली, आणि आपण अजून कचेरीचीच इंग्रजी शिकवतो आहोत.

करायचं काय? दहावीला इंग्रजीचे २० गुण लेखी परीक्षेबाहेरचे असतात. तोंडी परीक्षेत पाठ केलेली स्वओळख ऐकण्यापेक्षा मुलांना ऐकायला लावा आणि विचारा, हा माणूस काय मागतोय, तो रागावलाय की चेष्टा करतोय, हे आमंत्रण खरं आहे का? मराठी मुलाला ‘या कधीतरी घरी’ आणि ‘रविवारी दुपारी जेवायला या’ यातला फरक कुणी शिकवलेला नाही, तरी तो कधीच चुकत नाही. त्याला फक्त एवढं सांगायचं की इंग्रजीतही असंच असतं, ऐक.

परवा नर्सिंगच्या वर्गात मी दाराकडे हात करून म्हटलं, “वुड यू माइंड क्लोजिंग द डोअर?” चाळीस मुली एका आवाजात “येस सर!” म्हणाल्या. म्हणजे, हो, आमची हरकत आहे. मी मराठीत विचारलं, “दार लावायला काही हरकत नाही ना?” लगेच सगळ्या “नाही नाही” म्हणाल्या आणि एक उठलीसुद्धा. क्षणभर शांतता झाली आणि मग पहिल्या बाकावरची म्हणाली, “सर, हे तर आपल्यासारखंच आहे.” नियम सांगून जे पटवायला मला अर्धा तास लागला असता, ते त्या मुलीच्या मराठीने दोन मिनिटांत केलं.

त्या दिवसापासून त्यांनी एक वही केली आहे. डावीकडे आजीचे शब्द, उजवीकडे इंग्लंडातल्या आजीचे, तिकडे गेलेल्या मुलींना फोन करून विचारलेले. परसाकडे जाणं, पेनी खर्चणं. अंग मोडून येणं, फीलिंग पुअरली. दिवस जाणं, एक्स्पेक्टिंग. बाळा, लव्ह. काल पान उघडलं तर ‘जीव घाबराघुबरा होतोय’ याच्यासमोर तीन शब्द लिहून खोडलेले होते, आणि दोघीजणी चौथ्यावर वाद घालत होत्या.